नऊ हजारांच्या पुढे

आवेलिनोनं पेटी आणली पिकअपच्या मागे,
नारळांच्या पोत्यांत दाबून, कुडतरीहून म्हार्दोळला.
हिरवट पत्रा, दोन जाड नॉब,
आणि जाळीआड चार व्हॉल्व्ह उभे,
खेळ संपल्यावरही घरी न गेलेल्या प्रेक्षकांसारखे.

"पात्रांव, हिला आजची कर," म्हणाला,
"मोडू नकोस मात्र."
ही दोन वाक्यं एका दमात म्हणणारी माणसं
मला चाळीस वर्षं पोसत आली आहेत.

झाकण काढलं. आधी वास:
मेण, बुरशी, तापून विटलेलं रबर.
ट्रान्सफॉर्मरच्या कडेला पालीचा सांगाडा,
पुढचा पाय एका टर्मिनलवर, शेपूट दुसऱ्यावर.
दोनशे ऐंशी व्होल्टनी
तिला कुठे जायचंय ते विचारलंच नव्हतं.
म्हणून मी अजूनही डावा हात खिशात ठेवूनच
पेटीत शिरतो. वायर उपटलेली असली तरी.
कपॅसिटर उधारी विसरत नाही.

ही पेटी बनली तेव्हा
तियात्रातला नट माइकपासून हातभर लांब उभा राहायचा
आणि आवाज फेकायचा,
मागच्या बाकावर घोरणाऱ्याला तो लागेल असा.
पेटीचं काम एवढंच, वाटेत सांडू द्यायचा नाही.
आता आवेलिनोची भाची, झेल्मा,
माइकला ओठ टेकवून गाते,
उशीशी बोलावं तशी,
आणि त्याच माइकपुढे दुपारी तिचा भाऊ घुमट बडवणार.
कुजबुज आणि घुमट,
दोघांना एकाच दारातून आत घ्यायचं.

तर मी दाराला आधी एक आडणा बसवला,
वीस डेसिबल अडवणारा, बोटभर स्विचचा.
फिलामेंटला डीसी दिली, गुणगुण निम्मी झाली.
तेलकट कागदी कपॅसिटर कापले,
एकेक जुन्या दातासारखा, मुळाशी हिरवा.
गोल चुडीचं सॉकेट गेलं, तीन पिनांचं आलं,
नव्या माइकांना अठ्ठेचाळीस व्होल्ट लागतात, तेही दिले.
इनपुटच्या ट्रान्सफॉर्मरला मात्र हात लावला नाही.
त्याची तार केसाहून बारीक,
आणि ती गुंडाळणारी बोटं आता दुकानात मिळत नाहीत.

सगळं झालं. मीटरचा काटा गप्प.
मीही गप्प, कारण खरं सांगायचं तर
मडगावच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख काढून दिलाय:
माझे कान नऊ हजारांवर संपतात.
त्यापुढे रेघ सरळ खाली,
काब द रामाच्या कड्यावरून पाय घसरावा तशी.
आणि ह्या पोरांना वीस हजारांपर्यंतचं सगळं हवं.

झेल्मानं हेडफोन चढवले. डोळे मिटले.
"आंकल, वाळूत कोणीतरी चालतंय."
मी हेडफोन घेतले. काहीच नाही.
माझ्याकडे किनारा रिकामा.
पहिल्या व्हॉल्व्हचा कार्बनी रेझिस्टर काढला,
मेटल फिल्मचा लावला. आता?
"आता तो थांबलाय. पण आहे."
मग डबीतला, बायकोपासून लपवून ठेवलेला,
कधी न पेटवलेला व्हॉल्व्ह काढला,
रुमालात धरून बसवला, नारिंगी होईतो थांबलो.
आता?
ती किती तरी वेळ बोलली नाही.
बाहेर कोणी स्कूटर लावली, काढली.
"गेला," म्हणाली.

मी मान हलवली,
जसा काही मीही त्याला जाताना पाहिला.

बिल केलं. कपॅसिटर अकरा. रेझिस्टर सहा. सॉकेट एक.
त्याखाली लिहिलं: वाळूत चालणारा माणूस, एक, बाहेर काढला.
रकमेच्या रकान्यात पेन टेकवून बसलो.
आवेलिनो वाकला. "ह्याचे किती?"
म्हटलं, झेल्माला विचार.
माझी-त्याची गाठच पडली नाही.